शंभर गुणांचे भाषाविज्ञान

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्या निर्णयासोबतच्या निवेदनात रोजगाराचेही एक आश्वासन होते. अध्यापन आणि संशोधन, जुन्या ग्रंथांचे जतन, नोंदणी व अंकीकरण, अनुवाद, प्रकाशन, संगणकीय माध्यमे अशा क्षेत्रांत या दर्जामुळे कामे निर्माण होतील, असे त्यात म्हटले होते. मराठीच्या नावाने सत्कार झाले, परिसंवाद झाले, मिरवणुकाही निघाल्या. परंतु ही कामे करणार कोण, त्यासाठी कोणती विद्या अंगी असावी लागते आणि ती विद्या महाराष्ट्रात कोठे शिकवली जाते, हे प्रश्न त्या गजरात ऐकू आले नाहीत. पोथीचे अंकीकरण म्हणजे पान यंत्राखाली धरणे नव्हे. त्या पानावरील रूप कोणत्या शतकातले, त्यातील अनुस्वार उच्चारित की केवळ लेखनाचा संकेत, दोन प्रतींतील पाठभेद लेखकूच्या बोलीमुळे पडला की नजरचुकीने, हे ठरविल्याशिवाय त्या अंकित पानाचा उपयोग चित्राहून अधिक होत नाही. आणि हे ठरविण्याची शिस्त ज्या शास्त्रात आहे, त्या शास्त्राच्या पदवीधराला मराठी मुलखात 'पुढे काय करणार?' याखेरीज दुसरा प्रश्न विचारला जात नाही.

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर महाविद्यालयांच्या स्टाफरूममधले : भाषाविज्ञानाला 'स्कोप' नाही. दुसरे माहितीपत्रकांमधले : भाषाविज्ञानाला अमाप वाव आहे, वाक्‌चिकित्सा, न्यायवैद्यक, कृत्रिम बुद्धिमत्ता, जाहिरात, अनुवाद, परराष्ट्र सेवा, सारी दारे उघडी आहेत. परस्परविरोधी वाटणारी ही दोन्ही उत्तरे एकाच अज्ञानातून आली आहेत. भाषाविज्ञान म्हणजे नेमके कोणते काम, याची कल्पना पहिल्याला नाही आणि दुसऱ्यालाही नाही.

माहितीपत्रकी उत्तराचा निकाल लवकर लावता येतो. वाक्‌चिकित्सक म्हणून व्यवसाय करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याने ती अनिवार्य केली आहे आणि ती मिळते वाक्‌-श्रवण विषयातील मान्यताप्राप्त पदवीवर. भाषाविज्ञानातील एम.ए. ही ती पदवी नव्हे. ध्वनिविचार दोन्हीकडे शिकवला जातो म्हणून एका विद्येचा पदवीधर दुसरीचा व्यवसाय करू शकत नाही. न्यायवैद्यकीय भाषाविज्ञानाचे नाव भारदस्त आहे. पण आवाजाची ओळख पटविण्याचे जे काम भारतीय प्रयोगशाळांत चालते, ते मुख्यतः विज्ञान शाखेतून आलेल्या मंडळींच्या हाती आहे. अनुवादासाठी भाषाविज्ञान उपकारक असले तरी ते त्याचे प्रवेशपत्र नाही. विद्यार्थ्याला दाखविलेली ही दारे म्हणजे भिंतीवर रंगविलेली दारे आहेत, आणि ती रंगविणाऱ्यांनी कोणाचे तरी दोन वर्षांचे शुल्क त्यावर घेतलेले असते.

'स्कोप नाही' या उत्तराचा समाचार मात्र सावकाश घेतला पाहिजे. ते अधिक आदरणीय मुखांतून येते आणि त्याचे परिणामही अधिक खोल आहेत. या उत्तरात गृहीत असे आहे की भाषेच्या शास्त्रीय कामाला समाजात मागणी नसते, म्हणून त्याला वेतन नसते. इतिहास याच्या अगदी उलट सांगतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, तो काही एका लष्करी अधिकाऱ्याच्या छंदातून नव्हे. मुंबई सरकारला मुलकी आणि लष्करी कारभारासाठी मराठी जाणणारे अधिकारी हवे होते. म्हणून सरकारने पंडित नेमले, त्यांना पगार दिला, शब्द गोळा करविले. पंडितांचा मराठी-मराठी कोश १८२९ सालचा; त्यामागेही हीच गरज आणि हीच तिजोरी होती. राज्यसंस्थेला भाषेची गरज भासली की भाषेच्या अभ्यासकाला पोट मिळते. गरज भासली नाही तर, किंवा ती गरज कोणत्याही सुशिक्षित माणसाकडून भागते असा समज झाला तर, मिळत नाही.

या सूत्राचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द औरंगाबादचे आहे, आणि मराठी अभ्यासकांनी ते जवळपास विसरून टाकले आहे. मौलवी अब्दुल हक १९१२ साली अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे चिटणीस झाले आणि पुढे १९३८ साली दिल्लीला हलेपर्यंत त्या संस्थेचे ठाणे औरंगाबादेत होते. या पाव शतकात या शहरातून 'उर्दू' हे संशोधनपर त्रैमासिक निघाले. दखनीच्या जुन्या हस्तलिखितांचा शोध घेऊन ती संपादित झाली. पारिभाषिक संज्ञा कशा घडवाव्यात याची तत्त्वे सांगणारा वहीदुद्दीन सलीम यांचा ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि १९३७ साली मोठा इंग्रजी-उर्दू कोश सिद्ध झाला. तिकडे हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ पासून दारुल तर्जुमा हे भाषांतर कार्यालय चालत होते. त्यात पगारी भाषांतरकार होते आणि संज्ञा निश्चित करणाऱ्या समित्या होत्या. सगळे विषय उर्दूतून शिकवायचे असा निर्धार दरबाराने केला होता. त्या निर्धारातून कोशकार, संपादक, व्याकरणकार आणि अनुवादक यांच्या एका पिढीचा निर्वाह झाला. अब्दुल हकांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेही १९३३ साली याच शहरातून. माधव जूलियनांचा 'फार्सी-मराठी कोश' त्याच्या आठ वर्षे आधीचा, १९२५ चा. दोन भाषांचे दोन अभ्यासक एकाच सीमारेषेवर दोन्ही बाजूंनी काम करीत होते.

यावर मराठवाड्यातील वाचक लगेच म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे, की हा सारा डोलारा मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या प्रजेवर लादलेल्या भाषेचा होता. मराठी मुलाच्या तोंडची भाषा शाळेच्या दारातच थांबवून उर्दूचे हे वैभव उभे राहिले. त्या धोरणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की १७ सप्टेंबर १९४८ नंतर, विशेषतः १९६० नंतर, जेव्हा राज्यसंस्थेला मराठीची गरज भासली, तेव्हा तिने काय केले? भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. परिभाषा कोशांची मालिका निघाली, विश्वकोशाचे काम वाईला सुरू झाले, आणि १९९२ साली राज्य मराठी विकास संस्थाही आली. म्हणजे मागणी होती, पैसा होता, कार्यालये होती. नव्हता तो एवढाच विचार, की हे काम एका शास्त्राचे आहे. समित्यांवर विषयतज्ज्ञ बसले, संस्कृतज्ञ बसले, नामवंत साहित्यिक बसले. भाषावैज्ञानिक बसलाच तर अपवाद म्हणून. परिणाम सर्वश्रुत आहे. कारागीर, कारकून, पाटकरी आणि दवाखान्यातील परिचारिका ज्या शब्दांनी काम चालवतात त्यांची साधी नोंदही न करता संस्कृत धातूंना उपसर्ग लावून शब्द पाडले गेले. त्यांतील काही रुळले. पुष्कळसे कोशांच्या पानांतच राहिले, आणि त्या अपयशाचे खापर मराठी माणसाच्या उदासीनतेवर फोडले गेले.

भाषावैज्ञानिक उपलब्धच नव्हते, असेही म्हणता येणार नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उभे राहिले, तेव्हापासून तेथे भाषाविज्ञान शिकवले जात आहे. पन्नाशीच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्याने तेथे उन्हाळी-हिवाळी वर्ग भरले आणि देशभरचे तरुण अभ्यासक वर्णनात्मक पद्धती शिकले. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड साठीच्या दशकात काढले. ना. गो. कालेलकरांनी हे शास्त्र ललित म्हणावे अशा मराठीत आणले. 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या त्यांच्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशोक केळकर कॉर्नेलची पीएच.डी. घेऊन परत आले आणि उभी हयात मराठीत लिहीत राहिले. भालचंद्र नेमाडे हेही डेक्कन कॉलेजातूनच भाषाविज्ञान शिकून आलेले, आणि औरंगाबादच्या विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले ते इंग्रजीचे. हा तपशील अर्थपूर्ण आहे. मराठीतील एका मोठ्या कादंबरीकाराजवळ भाषाविज्ञानाची पदवी होती. नोकरी मात्र दुसऱ्या पदवीवर मिळाली. त्यांच्या समीक्षेतील शैली आणि भाषिक कृती यांविषयीचे आग्रह त्या पहिल्या पदवीतून आले आहेत, हे सगळे मान्य करतात. ती पदवी विद्यापीठाच्या व्यवस्थेत मात्र कोठेच बसत नव्हती.

आजही ती बसत नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९९४ साली नामविस्तार झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, संस्कृत, पाली अशा भाषांचे विभाग आहेत. भाषाविज्ञान या नावाची पाटी त्यांच्यात नाही. तो विषय आहे एम.ए.च्या एका अभ्यासपत्रिकेपुरता. ही पत्रिका एकेकाळी शंभर गुणांची होती. सत्रपद्धतीने तिचे आकडे बदलले, प्रकृती बदलली नाही. भाषेची लक्षणे सांगा. ध्वनिपरिवर्तनाची कारणे सोदाहरण स्पष्ट करा. प्रमाणभाषा आणि बोली यांतील भेद लिहा. पिढ्यानपिढ्या हेच प्रश्न आणि त्यांची मार्गदर्शिकांतून उतरलेली तीच उत्तरे. सोस्यूरचे दोन शब्द पाठ असतात. स्वतःच्या तोंडातील 'च' चे दोन उच्चार कोठे होतात, हे विचारल्यावर विद्यार्थी गोंधळतो. चमच्यातला 'च' आणि चाकातला 'च' वेगळा आहे, हे त्याला शेंबड्या वयापासून येते. पण येते हे कळण्यासाठीच तर ती पत्रिका होती. ध्वनिलेखनाचा सराव नाही, निवेदकासमोर बसून केलेली एक दिवसाची नोंदणी नाही, शब्दकोशाची एक नोंद स्वतः तयार करून पाहणे नाही. अशा पत्रिकेतून बाहेर पडलेल्यास विषय कोरडा वाटला तर त्याचा दोष नाही. तो पुढे प्राध्यापक झाला की तोच कोरडेपणा तो पुढच्या पिढीला देतो.

यातील खरी मेख नेमणुकीत आहे. ही पत्रिका शिकविण्यासाठी भाषाविज्ञानाचा पदवीधर नेमला जात नाही. जागेची जाहिरात 'मराठी' अशी असते. अर्हता मराठीतील एम.ए. आणि मराठीतील नेट किंवा सेट. डेक्कन कॉलेजातून वा मुंबई विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागातून आलेला, भाषाविज्ञानात नेट उत्तीर्ण झालेला उमेदवार छाननीतच गळतो, कारण त्याचा विषय 'वेगळा' आहे. संलग्न महाविद्यालयांत भाषाविज्ञानाच्या नावाने जागा जवळपास नाहीतच. म्हणजे विषय शिकवला जातो, पण तो शिकलेल्याने शिकवायचा नाही, अशी ही व्यवस्था आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पदव्युत्तर पदवी 'संबंधित, सुसंगत अथवा अनुषंगिक' विषयातील असावी एवढीच अट आहे. मग मराठी भाषेच्या पत्रिकेला भाषाविज्ञान अनुषंगिक नसेल तर काय असेल? पण तेथे नियमाचा अर्थ विषयतज्ज्ञ लावतात, आणि विषयतज्ज्ञ साहित्याचे असतात. मराठी विभागांनी स्वतःच्या मुलाबाळांसाठी राखलेला हा पाट आहे; त्यावर दुसऱ्या घरचा पाहुणा बसू द्यायचा नाही.

यावर उत्तर येते ते असे : मराठीच्याच पदवीधरांना जागा नाहीत, नेट, पीएच.डी. झालेले शेकडो तरुण तासिका तत्त्वावर महाविद्यालयांतून फिरत आहेत. अशा वेळी भाषाविज्ञानासाठी जागा मागणे हे उपाशी घरात पाहुणे बोलावणे होय. वेदना खरी आहे, निष्कर्ष खोटा. भरती थांबली ती भाषाविज्ञानामुळे नव्हे, शासनाने पदे रोखून धरल्यामुळे. आणि मराठी विभागाचा कार्यभार आक्रसत चालला आहे तो 'मराठी घेऊन काय करायचे' या प्रश्नाला विभागांजवळ शिक्षकी पेशाखेरीज उत्तर नसल्यामुळे. ज्या विद्येने मराठीचा पदवीधर कोशकार्यालयात, पाठ्यपुस्तकनिर्मितीत, न्यायालयीन भाषांतरात, संगणकीय भाषाकार्यात उपयोगी पडला असता, ती विद्या विभागाने स्वतःच पत्रिकेएवढी खुजी करून ठेवली. भाषावैज्ञानिकाला दार बंद केल्याने साहित्याच्या पदवीधराचे पोट भरलेले नाही. दोघेही तासिकांच्या मानधनावर आहेत.

या बंद दाराची किंमत समीक्षेने किती मोजली, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. औरंगाबाद हे दलित साहित्याच्या उदयाचे एक केंद्र. १९५० सालचे मिलिंद महाविद्यालय येथले. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' येथून निघाले. या साहित्याने मराठी गद्याची रचनाच बदलली, असे समीक्षा गेली पन्नास वर्षे म्हणत आली आहे. कशी बदलली, हे विचारले की विशेषणे पुढे येतात : रांगडी, जिवंत, धगधगती, शिवराळ, रसरशीत. मुळात ही विशेषणे भाषेची नाहीत, वाचकाला बसलेल्या धक्क्याची आहेत. त्या आत्मकथनांतील क्रियारूपे कोणत्या प्रदेशाची, निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत ही विभागणी कोठे पाळली जाते आणि कोठे हेतुतः मोडली जाते, एकाच वाक्यात दोन बोलींची प्रत्ययव्यवस्था आली तर ती लेखकाच्या स्थलांतराची खूण की संपादकाच्या हाताची, असे प्रश्न ज्या समीक्षेला पडतच नाहीत, ती भाषेविषयी बोलते ते केवळ सौजन्य म्हणून.

एकच उदाहरण पुरे. नांदेड, परभणी, लातूरकडे माणूस सहज म्हणतो : 'पाऊस यायलाय', 'माय सैपाक करायली', 'तू काय करायलास?' पुण्याच्या मराठीत 'करायला' हे हेतुवाचक रूप आहे आणि ते कर्त्याप्रमाणे बदलत नाही : 'ती करायला गेली', 'ते करायला गेले'. मराठवाड्यात मात्र हेच दिसणारे रूप चालू क्रियेचे वाचक आहे आणि ते लिंग, वचन, पुरुष यांप्रमाणे बदलते : करायलो, करायलास, करायली, करायलेत. म्हणजे रूप एकासारखे एक दिसले तरी व्याकरणातील स्थान सर्वस्वी निराळे. त्यात 'लागणे' या धातूचे अवशेष असावेत असे प्रथमदर्शनी वाटते. लातूर-धाराशिवकडील 'करूलालास' सारखी रूपे त्या तर्काला दुजोरा देतात. हा तर्क खरा की खोटा हे ठरविण्यासाठी गावोगावची रूपे, वयोगट आणि जुने लेखन यांचा पुरावा हवा. मराठवाड्यातील कोणत्याही पदव्युत्तर वर्गात बसलेल्या तीस विद्यार्थ्यांच्या घरी हा पुरावा रोज बोलला जातो. त्याच वर्गात तो उत्तरपत्रिकेत आला तर मात्र लाल शाईने 'अशुद्ध' म्हणून कापला जातो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचा संयुक्त प्रकल्प अलीकडे हाती घेऊन गावोगावचे ध्वनिमुद्रित नमुने गोळा केले आणि लोकांसाठी खुले केले, हे अत्यंत महत्त्वाचे काम आहे. परंतु मराठवाड्याची बोली मराठवाड्यातच नोंदवण्यासाठी पुण्याहून माणसे यावी लागतात, ही स्थिती येथील विद्यापीठीय मराठीला भूषणावह नाही.

आणि केवळ मराठीच कशाला? या शहराची गल्लीबोळातली भाषा दखनी आहे. तिने मराठीतून 'नको' घेतला, जोर देण्याचा 'च' घेतला; वली आणि सिराज हे कवी ज्या भाषेचे आहेत ती ही. तिचा अभ्यास उर्दू विभागाने करावा तर ती बोली, मराठीने करावा तर ती परकी. तांड्यांवरची बंजारा भाषा जनगणनेत 'लमाणी', 'बंजारी' अशा नावांनी हिंदीच्या पोटात मोजली जाते. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची १९,५६९ नावे चाळून त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित केल्या गेल्या आणि त्यांचे १२१ भाषांत वर्गीकरण झाले. हे काम कोलकात्यातील भाषा विभाग करतो, तेथे भाषावैज्ञानिक नोकरीस असतात. कोणाची भाषा कोणत्या भाषेची बोली ठरवायची, हा निर्णय म्हणजे शाळा, पाठ्यपुस्तके आणि निधी यांचा निर्णय. ज्याला 'स्कोप नाही' म्हणून हिणवले जाते त्या शास्त्राची ही सत्ता आहे. ती कोणाच्या हाती असावी याविषयी मराठवाड्याला मत नाही, कारण मत देण्याइतका प्रशिक्षित माणूसच येथे घडवलेला नाही.

राहिला प्रश्न यंत्राचा. सध्या भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला धीर देताना संगणकाचे नाव घेतले जाते. त्यात तथ्य आहे, पण ज्या रीतीने ते सांगितले जाते त्या रीतीने नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक आले. भारतीय भाषांच्या तंत्रविकासाचा केंद्रीय कार्यक्रम १९९१ च्या सुमारास सुरू झाला. मुंबईच्या आयआयटीत मराठीचे शब्दजाल तयार झाले. २०२२ साली 'भाषिणी' आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालांच्या यांत्रिक भाषांतराचा प्रयोग चालवला आहे, त्यात मराठी आहे. औरंगाबादच्या विद्यापीठातही २०१० च्या आसपास मराठी शब्द ऐकून ओळखणाऱ्या प्रणालींवर संशोधन झाले, निबंध प्रसिद्ध झाले. ते झाले संगणकशास्त्र विभागात. त्याच आवारात मराठीचा विभाग आहे. मराठीच्या स्वनांविषयीचा एक प्रश्न एका इमारतीत सोडवला जात होता आणि दुसऱ्या इमारतीत ध्वनिपरिवर्तनाची कारणे सोदाहरण लिहून घेतली जात होती. हा विनोद नव्हे.

आयबीएमच्या वाणी-अभिज्ञान गटाचे प्रमुख फ्रेडरिक जेलिनेक यांच्या नावावर एक थट्टा सांगितली जाते : भाषावैज्ञानिकाला काढून टाकावे तसतसे यंत्र सुधारते. 'स्कोप नाही' म्हणणारे ती आनंदाने उद्धृत करतात. परंतु ती थट्टा ज्या भाषेपुरती खरी आहे ती इंग्रजी, कारण तिच्याजवळ लिखिताचा डोंगर आहे आणि आकडेमोडीला खायला भरपूर आहे. प्रमाण मराठीजवळ तसा डोंगर नाही. टेकडी आहे, आणि तीही वृत्तपत्री व सरकारी मराठीची. 'माय सैपाक करायली' हे वाक्य त्या टेकडीवर जवळपास नाही. ज्या यंत्राने केवळ पुणेरी छापील मराठी पाहिली, ते 'करायली' कडे टंकलेखनाची चूक म्हणून पाहण्याचा संभव आहे. थोडक्यात, लाल शाईचा प्राध्यापक आता यंत्रात बसला आहे. शेतकऱ्याने दूरध्वनीवर विचारलेला प्रश्न यंत्राला कळायचा असेल, तर तेथे डोंगर उपयोगी नाही. गावात जाऊन ऐकणारा, नोंदवणारा आणि रूपांची व्यवस्था लावणारा माणूस लागतो. लिपीच्या बाबतीतही असेच घडले होते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द संगणकाने वेगळे लिहावेत, ही गरज मराठीची, हिंदीची नव्हे. युनिकोडमध्ये ती भागली ती द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या नुक्त्याच्या 'ऱ' चा आधार घेऊन. सोय झाली, पण पाहुण्यांच्या ताटात वाढून.

आज भाषेच्या यंत्रकामात मराठी पदवीधराला जे काम मिळते, ते बहुधा वाक्यांना खुणा लावण्याचे, ध्वनिफिती उतरून काढण्याचे आणि यंत्राचे भाषांतर तपासण्याचे. वाक्यामागे ठरलेल्या दराने, कंत्राटावर, घरबसल्या. कोणत्या खुणा लावायच्या हे तो ठरवत नाही. ती चौकट बहुतेक वेळा इंग्रजी व्याकरणावरून बेतलेली येते आणि मराठीचे संयुक्त क्रियापद किंवा कर्तरी-कर्मणीचा गुंता तिच्यात कोंबावा लागतो. चौकट ठरवणारा आणि खुणा लावणारा यांच्या वेतनातील अंतर हेच भाषाविज्ञान शिकण्याचे आणि न शिकण्याचे अंतर आहे. शंभर गुणांच्या पत्रिकेने विद्यार्थ्याला खुणा लावणारा केले. तेवढ्यावर समाधान मानायचे असेल तर माहितीपत्रके खरी आहेत.

एक आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो आणि त्यात काही बळ आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शैलीविज्ञान मराठीत आले तेव्हा कवितेतील स्वर-व्यंजनांची मोजदाद करून समीक्षा झाल्याचे समाधान मानले गेले. त्या कोष्टकांनी एकही कविता अधिक कळली नाही. भाषाविज्ञानाला विभागात जागा दिली तर साहित्य पुन्हा त्या कोष्टकांत अडकेल, अशी भीती आहे. ती कोष्टके निष्फळ होती हे मान्य. पण ती कोणी केली? बहुतांशी साहित्याच्याच अभ्यासकांनी, दुसऱ्या हातच्या भाषाविज्ञानावर. केळकरांसारख्या भाषावैज्ञानिकाने साहित्यमीमांसेवर जे लिहिले त्यात मोजदाद नाही, विवेक आहे. 'रुजुवात' ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २०१० साली, त्यांच्या आयुष्याच्या संध्याकाळी. आणि मराठी एम.ए.च्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी तो ग्रंथ उघडला असेल याची कल्पना ग्रंथालयाच्या नोंदवहीवरून येऊ शकते. अर्धवट भाषाविज्ञानाने समीक्षेचे नुकसान झाले. त्यावर उपाय म्हणून भाषाविज्ञानच अर्धवट ठेवायचे, हा न्याय अजब आहे.

मराठीची अलीकडची सर्वांगीण वर्णनात्मक व्याकरणे कोणती, असे विचारले तर राजेश्वरी पंढरीपांडे यांचे १९९७ चे आणि रमेश धोंगडे व काशी वाली यांचे २००९ चे, अशी दोन नावे प्रथम येतात. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही परदेशी प्रकाशकांची. पंढरीपांडे अमेरिकेत अध्यापन करीत होत्या, वाली यांचेही कार्य तिकडचेच. प्राचीन मराठीचा कोश शं. गो. तुळपुळे यांनी ॲन फेल्डहाउस यांच्यासह सिद्ध केला. फेल्डहाउस याही अमेरिकी विद्यापीठातल्या, आणि त्या कोशातील अर्थही इंग्रजीतच. मराठीतून लिहिलेले मोठे व्याकरण म्हणून आजही मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ग्रंथाकडे जावे लागते. केशवसुतांचे हे धाकटे बंधू शिक्षकी करीत करीत ते काम करून गेले. कवी भावाची शताब्दी होते, व्याकरणकार भावाचे पुस्तक अर्जुनवाडकरांनी १९७० साली पुन्हा संपादले म्हणून वाचले. मिलिंद मालशे यांचे 'आधुनिक भाषाविज्ञान' १९९५ पासून मराठीत आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकाअभावी अडले असेही म्हणता येत नाही.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. लीळाचरित्राच्या परंपरेशी जोडलेले गाव त्यासाठी निवडले गेले, हे उचितच. तेथील आणि अभिजात दर्जाच्या अनुषंगाने निघणाऱ्या प्रत्येक केंद्रातील जागांच्या जाहिराती येत्या काही वर्षांत निघतील. निवड समित्यांवर नेहमीचीच मंडळी असतील. त्यांच्यापुढे उमेदवार येईल : भाषाविज्ञानात एम.ए., नेट, किनवटच्या कोलामीवर किंवा बीडच्या ऊसतोड कामगारांच्या बोलीवर प्रबंध, मराठीतील एम.ए. नाही. छाननीच्या तक्त्यात 'विषय' या रकान्यासमोर काय लिहायचे, हे तेव्हा ठरवावे लागेल. 'अनुषंगिक' हा शब्द विनियमात २०१८ पासून आहे.